रोहिणीची धूळ, मृगाचं पाणी : गाडीच्या एसीला वास का येतो?

जूनमध्ये दोन-चार सरी पडून गेल्या की परभणीतल्या गॅरेजांवर एक तक्रार हमखास येते. एसी लावला की पहिली दोन मिनिटं कुबट वास येतो, मग कमी होतो, गाडी बंद करून पुन्हा लावली की परत येतो. त्यावरचं उत्तरही बऱ्याचदा ठरलेलं असतं : "गॅस कमी झाला असंल, भरून टाकू." हजार-दोन हजार जातात, हवा गार येते (ती आधीही गारच येत होती) आणि वास जिथल्या तिथं राहतो.

म्हणून आधी गॅसचा विषय संपवू. गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, तुमच्या नाकापर्यंत येणाऱ्या हवेशी त्याचा थेट संबंधच येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो आणि त्याला जवळजवळ वास नसतो. तो गळाला तर थंडावा जातो, कुबटपणा येत नाही. हवा पुरेशी गार असून फक्त वास येत असेल, तर गॅस भरायला स्पष्ट नकार द्या.

वास येतो तो पाण्यामुळे. डॅशबोर्डच्या आत एक ॲल्युमिनियमची जाळीदार कूलिंग कॉइल असते. ब्लोअरची हवा तिच्यातून जाते आणि गार होऊन तुमच्यापर्यंत येते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच या कॉइलला फुटतो. ते पाणी खालच्या तबकात जमून एका बारीक नळीतून गाडीखाली टपकतं. कॉइल स्वच्छ असेल आणि पाणी नीट निघून जात असेल, तर वास येण्याचं कारण नाही. पण तिच्या पात्यांत धूळ, परागकण, कापसाचे तंतू अडकलेले असतील आणि ते ओले राहिले, तर त्यांच्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, चिकट थर धरतात. गाडी बंद असताना अंधारात, कोमट ओलाव्यात ही वाढ निवांत होते. तुम्ही एसी लावला की रात्रभर साचलेला वास पहिल्याच झोतात तोंडावर येतो.

हे जूनमध्येच का सुरू होतं, याचं उत्तर परभणीच्या हवेत आहे. मेच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटर हवेत साधारण ११ ग्रॅम बाष्प असतं. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तेवढ्याच हवेत ते २३ ग्रॅमच्या आसपास जातं. कॉइलवर हवा सहा-सात अंशांपर्यंत गार झाली की तिच्यात जेमतेम सात-साडेसात ग्रॅम बाष्प मावतं, बाकीचं पाणी होऊन कॉइलवर उतरतं. म्हणजे मे महिन्यात चार ग्रॅम आणि जुलैत सोळा. घाम चौपट. उन्हाळाभर कॉइल थोडीच ओली होते आणि गाडी बंद झाली की उकाड्यानं वाळूनही जाते, म्हणून तिच्यावर बसलेल्या धुळीचा पत्ता लागत नाही. मृगाच्या सरी आल्या की तीच धूळ भिजते. वास जूनमध्ये जाणवत असला तरी त्याचा साठा एप्रिल-मेमध्येच झालेला असतो.

आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. जिंतूर रोड असो की पालम-सोनपेठकडचे गाव-रस्ते, समोर ट्रॅक्टर असला की काचा वर करूनही ती आत येतेच. शिवाय ऑक्टोबरात रस्त्याकडेला सोयाबीनची मळणी चालते, तिचा भुसा उडतो. पुढे मानवत आणि सेलूच्या जिनिंगकडे कापसाच्या गाड्या लागतात तेव्हा हवेत तंतू तरंगत असतात. शहरात कॉइलकडे जाणारी हवा गाळणारा एक फिल्टर वर्षाकाठी पुरतो, असं कंपनीची पुस्तिका सांगत असली तरी इथं तो हिशोब चालत नाही. माझं मत विचाराल तर आपल्या भागात एसीचं वेळापत्रक पंचांगाला बांधावं : एक फिल्टर रोहिणी नक्षत्राच्या अखेरीस, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि दुसरा सोयाबीन-कापसाची धामधूम ओसरल्यावर, दिवाळीनंतर.

आता प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी वास कोणता आहे ते ओळखा, कारण सगळेच वास बुरशीचे नसतात आणि काहींच्या बाबतीत घरगुती उपाय करत बसणं धोक्याचं आहे. गोडसर वास येतोय, आतून काचेवर तेलकट धुकं धरतंय आणि पायाखालचं कार्पेट चिकट लागतंय, तर हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट गळतंय. कूलंट विषारी असतं. गाडी मेकॅनिककडे न्या आणि तोवर लहान मुलांना त्या बाजूला बसवू नका. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर ब्लोअर लगेच बंद करा, वायर किंवा ब्लोअरचा रेझिस्टर तापत असेल. पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर गाडी मोकळ्या जागी थांबवून बंद करा, सगळ्यांना उतरवा, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करा. सडक्या अंड्यांचा वास बॅटरी जास्त चार्ज होत असल्याचं लक्षण असू शकतं. धुराड्याचा वास आत येत असेल तर तो सगळ्यात वाईट, कारण त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. लग्नाच्या गर्दीत एसी चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपणाऱ्या ड्रायव्हर मंडळींना हे आवर्जून सांगा.

बाहेरचा वास आणि आतला वास यांतही फरक करा. गळीत हंगामात साखर कारखान्याजवळून जाताना मळीचा वास आला म्हणून एसी बिघडला असं होत नाही. वळलेल्या बाणाचं बटण दाबून आतलीच हवा फिरवा. दोन-तीन मिनिटांत वास विरला तर तो बाहेरचा होता. आतलीच हवा फिरवूनही कुबटपणा तसाच राहिला किंवा वाढला, तर तो तुमच्याच कॉइलचा नाहीतर कार्पेटचा.

कामाची सुरुवात बॉनेट उघडून करा. समोरच्या काचेच्या खाली, वायपरपाशी जी जाळी असते तिथून बाहेरची हवा आत येते. परभणीच्या उन्हात प्रत्येक जण लिंबाखाली सावली शोधून गाडी लावतो, आणि लिंब त्या जाळीत काड्या, पानं, फुलोरा, लिंबोळ्या टाकत राहतो. पहिल्या पावसात हा सगळा पाला तिथंच कुजतो. हातानं जमेल तेवढा काढा, उरलेला व्हॅक्यूमनं ओढून घ्या. पाण्याचा जोरदार फवारा तिथं मारू नका, पाला आत ढकलला जातो. या एवढ्याशा कामानं काही गाड्यांचा निम्मा वास जातो. पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

मग फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्पा रिकामा करायचा, दोन्ही बाजूंच्या अडकण्या आत दाबून तो खाली सोडायचा, मागचं आडवं झाकण काढलं की फिल्टर हाती येतो. स्क्रू-ड्रायव्हरचीही गरज बहुधा पडत नाही. काढताना तो आडवाच ओढा, नाहीतर वरचा कचरा खाली ब्लोअरमध्ये पडेल. काळा पडलेला, ओलसर किंवा वास मारणारा फिल्टर सरळ टाकून द्या. तो धुऊन वाळवून पुन्हा बसवणारे लोक मी पाहिले आहेत. धुतल्यावर त्याचे तंतू फुगतात, फाटतात आणि ओल आत राहते. कॉम्प्रेसरच्या हवेनं झटकणं चार दिवसांची तात्पुरती सोय म्हणून ठीक. साधा फिल्टर शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो, कोळशाचा थर असलेला महाग पडतो. गाडीत दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेलं कोणी नेहमी बसत असेल तर तो घ्या, एरवी साधा घेऊन वेळेवर बदललेला बरा. कडेला हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो बघून बसवा. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत कंपनीनं फिल्टर दिलेलाच नसतो, नुसती खाच असते. तुमच्या गाडीत तसं असेल तर त्या मापाचा फिल्टर आणून टाका. तोवर सगळी धूळ थेट कॉइलवर जात होती हे लक्षात घ्या.

यानंतर पाणी निघतंय का ते पाहायचं. पावसाळी दमट दिवशी गाडी सपाट जागेवर उभी करून एसी चालू ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी खाली वाकून बघा. पुढच्या प्रवाशाच्या पायांच्या सुमारास खाली थेंब पडायला हवेत. बाहेरची हवा घेत असाल तर जुलैत चांगली धार लागते. जमीन कोरडी असेल आणि आत डाव्या बाजूचं कार्पेट ओलं लागत असेल, किंवा वळणावर डॅशबोर्डातून डचमळल्यासारखा आवाज येत असेल, तर नळी तुंबली आहे. (मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी थेंब कमी दिसले तर घाबरू नका, वरचा हिशोब आठवा. हवेतल्या आर्द्रतेचा अंदाज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यात मिळतो. शेतकरी तो फवारणीसाठी पाहतात, तुम्ही यासाठी पाहा.) नळी तुंबण्याची आपल्याकडची कारणं दोन : खालून बसलेला काळा चिखल आणि कुंभारीण माशीचं मातीचं घर. गाडी महिनाभर अंगणात उभी राहिली की त्या माशीला ही नळी फार आवडते. खालून मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी हलक्या हातानं फिरवा किंवा कमी दाबाची हवा मारा. लोखंडी तार खुपसू नका; कॉइल आत फार लांब नसते आणि तिला भोक पडलं तर मात्र खरोखरच गॅस भरावा लागेल. कार्पेट भिजलेलं असेल तर ते उचलून खालचा फोम उन्हात वाळवा. वरून कोरडं आणि खालून ओलं कार्पेट कितीही एसी साफ केला तरी वास देत राहतं.

इथवरचं सगळं करूनही वास उरला, तर कॉइल धुवायची. त्यासाठी फेसाचा एसी क्लीनर स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो, सोबत लांब नळी येते. डब्यावर लिहिलेली कृती पाळा, कारण प्रत्येकाची थोडी वेगळी असते; पण सर्वसाधारण रीत अशी. इंजिन आणि ब्लोअर बंद. जुना फिल्टर काढलेला. पाणी निघण्याची नळी, म्हणजे ड्रेन, मोकळी आहे याची आधी खात्री केलेली, नाहीतर सगळा फेस कार्पेटवर येईल. नळी खालच्या ड्रेनमधून किंवा फिल्टरच्या खाचेतून कॉइलपर्यंत न्यायची आणि फेस सोडायचा. खाचेतून सोडत असाल तर जपून, कारण अनेक गाड्यांत ब्लोअरची मोटर तिथंच खाली असते आणि तिच्यावर फेस ओतणं परवडणारं नाही. वीस-तीस मिनिटं थांबा. फेस विरून गढूळ पाणी खाली पडू लागेल. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपण काय श्वासात घेत होतो याचा धक्काच बसतो. मग चारही दारं उघडी ठेवून, बाहेरच्या हवेवर ब्लोअर पूर्ण वेगानं दहा-पंधरा मिनिटं चालवा. नवा फिल्टर सगळ्यात शेवटी.

फिनेल, ब्लीच, डेटॉल, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही कॉइलवर टाकू नका. ॲल्युमिनियमची पाती कागदासारखी पातळ असतात, आम्ल आणि क्लोरीननं ती खाल्ली जातात, आणि त्यांची वाफ पुढचे कित्येक दिवस तुमच्याच फुप्फुसात जाते. क्लीनरचा डबा वापरताना जवळ बिडी-सिगारेट नको, आणि उरलेला डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. परभणीच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आतलं तापमान कुठल्या कुठे जातं; दाबाचा डबा फुटू शकतो.

फेसानंही महिनाभरात वास परत आला, तर थर फार जुना आहे. मग डॅशबोर्ड खोलून कॉइल बाहेर काढून धुणं हा खरा उपाय. यात गॅस आधी यंत्रानं काढून घ्यावा लागतो आणि नंतर पुन्हा भरावा लागतो, दिवसभराचं काम असतं, खर्च काही हजारांत जातो. डॅशबोर्ड एकदा खोलला की पुढे तो खडखडण्याची शक्यता राहते, म्हणून हे काम सरावाच्या हातालाच द्या. आधी फिल्टरच्या खाचेतून बारीक कॅमेरा घालून कॉइलचा फोटो दाखवायला सांगा. आता असा कॅमेरा बऱ्याच गॅरेजांकडे असतो. फोटो न दाखवता कोणी डॅशबोर्ड खोलायला निघाला तर थांबवा. ओझोनची फवारणी करून देणारेही भेटतील. ओझोननं वास मरतो हे खरं, पण कॉइलवरची घाण तिथंच राहते, आणि तो वायू फुप्फुसांना अपायकारक आहे. केलंच, तर त्या वेळी गाडीत कोणी नको आणि नंतर दारं उघडून गाडी चांगली हवेशीर होऊ द्या.

बुरशीखेरीज पावसाळ्यात वासाचं आणखी एक कारण असतं : उंदीर. पाऊस लागला की शेतातले उंदीर कोरडी जागा शोधत घराकडे सरकतात, आणि अंगणातली उभी गाडी त्यांना आयतं बीळ वाटते. वायपरखालच्या जाळीतून ते ब्लोअरपर्यंत जातात, फिल्टर कुरतडून त्याचीच गादी करतात. आत लघवी झाली तर वास तिखट, नाकाला झोंबणारा. आत मेला तर तो वास ओळखायला कोणाची मदत लागत नाही. अशा वेळी ब्लोअर चालू करू नका, पात्यात सापडलेलं सगळं हवेत उडेल. फिल्टर काढा, टॉर्चनं बघा, हातमोजे आणि मास्क घालून सगळं ओलं करून उचला. कोरडं झाडू नका. गरज पडली तर ब्लोअर काढून धुवावा लागतो, तीन-चार स्क्रूंचं काम आहे. गाडीत विष ठेवण्याची चूक करू नका, कारण विष खाल्लेला उंदीर मरायला तुमच्याच डॅशबोर्डात जाईल. त्यापेक्षा हवेच्या वाटेवर बारीक स्टीलची जाळी बसवून घ्या आणि शेंगदाण्याची टरफलं, मुलांची बिस्किटं सीटखाली राहू देऊ नका.

सगळं साफ झालं की ते तसं ठेवायला एकच सवय पुरते, आणि ती फुकट आहे. मुक्काम तीन-चार मिनिटांवर आला की एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा, बाणाचं बटण बाहेरच्या हवेवर आणा. गंगाखेडहून परभणीला येत असाल तर शहरात शिरलं की हे करायचं. कॉइलवरचं पाणी हवेनं वाळतं, बुरशीला रात्रभर ओल मिळत नाही. उन्हाळ्यात बाहेरची हवा एवढी कोरडी असते की दोन मिनिटंही पुरतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र बाहेरची हवाच ओली, तेव्हा हा उपाय अर्धवट चालतो. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा एसी बंद करून हीटर पूर्ण लावा, आतलीच हवा पाच-सात मिनिटं फिरवा, मग काचा उघडून ती दमट हवा बाहेर जाऊ द्या. हीटर कॉइलच्या पुढे असतो, त्यामुळे त्याची ऊब कॉइलला थेट मिळत नाही. गरम झालेली आतली हवा परत फिरून आली तरच मिळते. काही नव्या गाड्यांत गाडी बंद झाल्यावर ब्लोअर आपोआप थोडा वेळ फिरून हे काम करतो. बॅटरी उतरेल म्हणून तो बंद करून घेऊ नका. आणि जी गाडी फक्त लग्नकार्याला किंवा नांदेडच्या दवाखान्यासाठीच निघते, तिचा एसी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवून असाच वाळवावा.

सुगंधी बाटल्या, कापराच्या वड्या, डांबर गोळ्या यांनी वास झाकला जातो, एवढंच. त्यातही डांबर गोळ्या गाडीत कधीच नकोत. तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ दाटते आणि लहान मुलांना ती घातक ठरू शकते. फवारणीची औषधं आणि खताची पोती डिकीत टाकून आणायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ज्या गाड्यांची डिकी आणि बसायची जागा एकच, त्यांत आतलीच हवा फिरवणारा एसी ती वाफ तुमच्याभोवती फिरवत राहतो. बाटली सांडली असेल तर आधी कार्पेट बाहेर काढून साफ करा, एसीचा विचार नंतर. सांडलेल्या दुधाचंही तेच : डाग पुसून भागत नाही, फोमपर्यंत पाणी आणि साबण जायला हवा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ या दोन्ही वेळा मराठवाड्यात अतिवृष्टीनं हाहाकार केला, गोदावरी-पूर्णाकाठच्या कित्येक गाड्यांत पाणी शिरलं. ब्लोअर पायाजवळ खाली असल्यानं पुराचं पाणी त्यात लवकर पोहोचतं आणि आतला गाळ वरवरच्या धुण्यानं निघत नाही. म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, एसी लावू नका, अत्तर मारू नका. दार उघडल्या उघडल्या पहिला वास घ्या, मग एसी लावून दुसरा. फिल्टर स्वतः काढून बघा. जुन्या गाडीत अगदी कोरा करकरीत फिल्टर दिसला तर ब्लोअरच्या पोकळीत टॉर्च मारा आणि कोपऱ्यांत वाळलेला गाळ आहे का ते पाहा. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाकडे मातकट रेघ दिसली, तर भावाची बोलणी तिथंच थांबवा.